उलटा गणवेश

टेलरबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे. ते साफ खोटं होतं. कारण लागायचं, फक्त ते शोधायला त्यांना फार लांब जावं लागत नसे.

शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, एक आरसा आणि आरशासमोर उभं राहायला एक स्टूल. बाईंच्या गळ्यात मोजपट्टी आणि काळ्या फितीला बांधलेली बोटभर कात्री. शाळेचे गणवेश वर्षानुवर्षं त्याच शिवायच्या. त्या शाळेतल्या प्रत्येक पोराच्या बगलेत बाईंची मोजपट्टी कधी ना कधी गेलेलीच होती. "हलू नकोस, नाहीतर एक बाही मोठी आणि एक लहान होईल, मग बस चिडवून घेत!" असं दरडावतच त्या माप घ्यायच्या. पोरं भ्यायची, पण कपडा अंगावर असा बसायचा की आया पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच यायच्या.

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, अख्ख्या शाळेला गणवेश घालणाऱ्या या बाईंची स्वतःची पोर तेवढी गणवेश उलटा घालून शाळेत जायची. शिवणी बाहेर, दोरे बाहेर, खिशाची पिशवी बाहेर लोंबतेय, असा.

तिला सगळे ठकी म्हणत. बाळ असताना ती तासन्‌तास डोळे उघडे ठेवून ताठ पडून राहायची, म्हणून मावशीने लाकडी बाहुलीचं नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. नवा कपडा अंगावर घातला की मात्र ही बाहुली अशी किंचाळायची की शेजारचे दार वाजवायचे. मग सल्ले. लाडावून ठेवलीये. एक फटका द्या, सुतासारखी सरळ होईल. मुलींनी एवढा हट्टीपणा बरा नाही. सल्ले देणाऱ्याचं काय जातंय! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

ठकी चार वर्षांची असताना तिने स्वतःच सगळ्यांना उत्तर दिलं. आईची छोटी कात्री उचलली, नव्या झग्याच्या मानेमागचं लेबल चार टोकांना चार वेळा कचकच करून कापून काढलं, झगा उलटा केला, अंगात घातला आणि गप्प जाऊन खिडकीत बसली. कापड कुठेही न फाडता. टेलरबाई बघत राहिल्या. आयुष्यभर कपडे शिवले, पण कपडा आतून कसा लागतो हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं.

या सगळ्याला नाव पुढे एका डॉक्टरीणबाईंनी दिलं. ऑटिझम. "तिच्या मेंदूची वीण वेगळी आहे," असं त्या समजावून सांगायला लागल्या. "आवाज, उजेड, कपड्याची शिवण, आपल्याला जे जाणवतही नाही ते तिला टोचतं. हा आजार नाही, बरं करायचं असं यात काही नाही. आजूबाजूच्यांनी जरा बदलायचं."

"वीण वेगळी निघाली तर आम्ही सुई बदलतो," टेलरबाई म्हणाल्या. "कापड फेकून देत नाही."

मराठीत अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, हेही त्यांना तेव्हाच कळलं. त्या शब्दाचा त्यांना पहिल्या दिवसापासून संताप. ज्या पोरीला अख्ख्या जगाचा एकेक दोरा टोचतो, ती म्हणे स्वतःत मग्न! स्वतःत मग्न माणसं पाहायची तर त्यांना पुढे शाळेच्या ऑफिसात पाहायला मिळायची होती.

तेव्हापासून घरात नियमच झाला. नवा कपडा आला की आधी ठकीच्या हातात. ती तो गालावरून फिरवायची, खुपणारी जागा शोधायची, "टोचतंय" म्हणायची आणि कापायची. रोज सकाळी आई शर्टाच्या मानेवरून बोट फिरवून म्हणायची, "आता नाही टोचणार." हे वाक्य झाल्याशिवाय ठकी दाराबाहेर पाऊल टाकत नसे.

जुन्या मोठ्या बाई होत्या तोवर शाळेत सगळं निभावलं. त्या हसून म्हणायच्या, "उलटा का असेना, गणवेश आहे ना?" त्या निवृत्त झाल्या आणि नव्या मोठ्या बाई आल्या. नव्या बाईंना शिस्तीचं वेड. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ठकीला वर्गाबाहेर उभं केलं. ठकी उभी राहिली. मधल्या सुट्टीची घंटा अगदी डोक्यावर वाजत होती, म्हणून दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून, भिंतीकडे तोंड करून. येणारीजाणारी पोरं खिदळत होती. टेलरबाई गणवेशांचा गठ्ठा पोहोचवायला गेल्या तेव्हा त्यांनी ते पाहिलं. तळपायाची आग मस्तकात गेली. गठ्ठा तिथेच टाकून त्या तडक ऑफिसात शिरल्या.

"तुम्ही स्वतः गणवेश शिवता," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि तुमचीच मुलगी नीट घालत नाही. बाकीच्या मुलांनी काय शिकायचं?"

"शिकायचं की प्रत्येकाची कातडी सारखी नसते."

"थोडं सहन करायला शिकवा तिला. सगळेच करतात."

"सगळ्यांना टोचत नाही म्हणून सगळे करतात! त्यात कसलं आलंय सहन करणं?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, मला सहानुभूती आहे. पण या मुलांना दुसऱ्याचं काही कळत नाही. ती त्यांच्याच जगात असतात. तिच्यासारख्यांसाठी वेगळ्या शाळा आहेत ना? नव्या वर्षापासून एकतर गणवेश सुलट, नाहीतर तुम्ही दुसरी सोय बघा."

म्हणजे शाळेचा सुंठीवाचून खोकला जाणार! ठकीला ही शाळा हवी होती. त्या वर्गातली खिडकीशेजारची जागा तिची होती, बाकावरची भेग तिला पाठ होती, आणि शेजारी बसणारी दोन वेण्यांची मुलगी न बोलता तिच्याशी खोडरबर वाटून घ्यायची. अकरा वर्षांत जमलेली ती एकच मैत्री. ती उपटून दुसरीकडे नेऊन लावा, असं मोठ्या बाईंनी चष्मा पुसता पुसता सांगून टाकलं.

टेलरबाईंनी मग शाळेचा पिच्छाच पुरवला. डॉक्टरीणबाईंना घेऊन गेल्या. मोठ्या बाईंना वेळ नव्हता. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या घरी गेल्या. अध्यक्षांनी चहा पाजला आणि "बघू" म्हटलं. पालकांच्या सभेत उभ्या राहून बोलल्या. "माझ्या दुकानात येणाऱ्या कुणाचा डावा खांदा उतरता असतो, कुणाची पाठ वाकलेली, कुणाचा एक हात आखूड. मी कुणालाही सांगत नाही की जा, खांदा सरळ करून ये. कपडा बसत नसेल तर कपडा उसवायचा असतो, माणूस नाही! शाळा कुणासाठी आहे?"

मागून एक बाप म्हणाला, "पण आमच्या मुलांवर परिणाम होतो ना."

"होऊ दे की! जरा माणसं होतील."

यावर बरेच जण हसले आणि कोणीच काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी दुकानात एकेक आई यायला लागली. इकडेतिकडे बघत, हळू आवाजात: "आमच्या धाकट्यालाही मोजे चालत नाहीत हो, रोज रडारड." "आमची थोरली घंटेला घाबरते, कोणाला सांगू नका." टेलरबाई मोज्याची शिवण काढून द्यायच्या, कॉलर मऊ करून द्यायच्या आणि वर झापायच्याही. "इथे डोळ्यांतून पाणी काढता, मग काल सभेत तोंडाला कुलूप का? मी एकटीच भांडकुदळ दिसावी म्हणून?"

"तुम्हाला बोलता येतं बाई," एक आई म्हणाली.

"बोलता येत नसतं कोणाला. बोलावं लागतं."

दुकानात काजं करायला एक वयस्क बाई बसायच्या, त्यांना सगळे काजवाल्या मावशी म्हणत. त्या म्हणाल्या, "पालथ्या घड्यावर पाणी ओततेस गं. दमशील." टेलरबाईंनी मशिनीवर पाय एवढ्या जोरात मारला की सुई तुटली.

आणि मग ती ऑर्डर आली.

अध्यक्ष स्वतः दुकानात आले. वार्षिक समारंभाला शाळेला एक मानपत्र मिळणार होतं, कुठल्याशा संस्थेकडून. कशासाठी? तर 'सर्व मुलांना सामावून घेणारी शाळा' म्हणून. घ्या! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्या दिवशी अध्यक्ष, मोठ्या बाई आणि समितीतले बाकीचे मंचावर एकसारखे निळे कोट घालून बसणार होते. गळ्यापर्यंत बंद, मानेमागे शाळेचं चिन्ह विणलेलं लेबल. "तुमच्यासारखं फिटिंग कोणाचं नाही," अध्यक्ष म्हणाले. लाजले बिजले नाहीत.

काजवाल्या मावशींना वाटलं, आता हे कोट अध्यक्षांच्या डोक्यावर आपटले जाणार. पण टेलरबाई गोड हसल्या. त्यांना गोड हसताना मावशींनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांना जास्तच भीती वाटली.

"देते ना. मापं द्या."

कोट सुरेख झाले. ट्रायलला मोठ्या बाई आरशात वळूनवळून बघत होत्या. सगळे खूश होऊन गेल्यावर टेलरबाईंनी खालच्या कप्प्यातून बकरम काढलं. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते खरखरीत, डिंक लावल्यासारखं कापड. नेहमी ते दोन कापडांच्या मधे झाकलेलं असतं. बाईंनी त्याच्या बोटभर पट्ट्या कापल्या, कडेचे दोरे ओढून मोकळे सोडले आणि प्रत्येक कोटात मानेमागे, लेबलाच्या खाली, दोरे वर येतील अशी एकेक पट्टी टाचली. पट्टीच्या चार टोकांना चार टाके. उभ्या जन्मात त्यांनी मुद्दाम वाईट शिवण घातली नव्हती. हात थांबत होता. आपलंच काम आपणच बाटवतोय, असं वाटत होतं.

नवरा बेकरीतल्या कामावरून येऊन दारात उभा होता. स्वभावाने मुकाट, दिवसाला मोजून चार वाक्यं बोलणारा. "हे काय चाललंय?"

"शिकवणी घेतेय. मोठ्या माणसांची."

"पोरगी काय म्हणेल?"

"तिला काय कळणार आहे," असं बाई बोलून गेल्या आणि स्वतःच्याच तोंडून मोठ्या बाईंचं वाक्य ऐकल्यासारख्या चपापल्या. पण पट्ट्या काढल्या नाहीत. राग असा मधेच सोडता येत नाही.

समारंभाच्या सकाळी इस्त्री करून कोट थेट सभागृहात पोहोचले. मंचावर दिवे इतके प्रखर की फुलांनीही माना टाकल्या होत्या. टेलरबाई शेवटच्या रांगेत बसल्या. शेजारी ठकी, उलट्या गणवेशात, कानात कापूस. नवऱ्याने सुट्टी काढली होती.

पाहुण्यांची भाषणं सुरू झाली आणि घाम सुटला तसे कोट बोलायला लागले. आधी अध्यक्षांनी मान उजवीकडे वळवली. मग डावीकडे. खजिनदारांनी पेनाचं टोपण कॉलरीत घातलं. मोठ्या बाई ताठ बसल्या होत्या खऱ्या, पण बोटं गळ्याशी गेली, खाली आली, पुन्हा गेली. मानपत्र वाचलं जात होतं तेव्हा अख्खी समिती खुर्चीत अशी चुळबुळत होती की पुढच्या रांगेतली पोरं हसू दाबत एकमेकांना कोपरं मारायला लागली. कोट काढावा तर फोटो व्हायचे होते.

मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. "आमच्या शाळेत... प्रत्येक मूल..." मान खाजवली. "प्रत्येक मुलाला..." कागदावरची ओळ हरवली. "माफ करा... प्रत्येक..." त्यांच्या मानेवर लाल पट्टा उठला होता.

टेलरबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजाला माईक लागत नसे.

"मोठ्या बाई, हात खाली! सरळ उभ्या राहा. वाचनाकडे लक्ष द्या."

मोठ्या बाईंचा हात खरंच खाली आला.

"थोडं सहन करा. सगळेच करतात," टेलरबाई पुढे बोलत राहिल्या, "मंचावरच्या सगळ्यांना सांगतेय. मानेमागे बोटभर पट्टी आहे फक्त. मीच शिवलीये. एक तास झाला नाही आणि तुम्हाला वाचता येईना, बसता येईना. माझी पोर असा एकेक दिवस काढते. वर तिला तुम्ही कॉरिडॉरमध्ये उभी करता, आणि वर मानपत्र घेता! सामावून घेतलं म्हणे. कोणाला? तुमच्या मापात बसणाऱ्यांना?"

पुढचंही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. महिनाभर मशिनीवर घोकलेलं एक भलं मोठं भाषण होतं. पण सगळ्यांच्या माना भलतीकडेच वळायला लागल्या. त्यांनी शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी. गळ्यात हात नेला. फितीची कात्री नव्हती.

ठकी मंचाच्या पायऱ्या चढत होती. माईक कर्कश शिटी मारत होता. एका हातात कात्री असल्यामुळे दोन्ही कान झाकता येत नव्हते, म्हणून तिने एक कान खांद्याला दाबून धरला होता आणि दुसऱ्यावर हात. आवाजाला एवढी भिणारी पोर त्या आवाजाच्या पार मुळाशी चालली होती.

ती मोठ्या बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांच्या तोंडाकडे तिने पाहिलं नाही. ती कोणाच्याच तोंडाकडे बघत नाही. तिने कॉलर उलटी केली.

"टोचतंय," ती म्हणाली.

मोठ्या बाई हलल्या नाहीत. कच, कच, कच, कच. चार टोकं. पट्टी खाली पडली. ठकीने त्या लाल मानेवरून बोट फिरवलं, अगदी रोज आई फिरवते तसं, आणि माईकमध्ये अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं: "आता नाही टोचणार."

मग ती अध्यक्षांकडे वळली. अध्यक्ष उंच. तिचा हात पोहोचेना, तसे ते मुकाट्याने खाली वाकले. त्यानंतर खजिनदार. मग उरलेले, खुर्च्यांच्या ओळीने. कुणी हसलं नाही. शेवटची पट्टी पडली तेव्हा तिने सगळ्या पट्ट्या गोळा केल्या, कारण दुकानात चिंध्या जमिनीवर टाकलेल्या आईला चालत नाहीत, आणि त्या मुठीत धरून ती खाली उतरली.

आधी टाळ्या वाजवल्या दोन वेण्यांच्या मुलीने. मग सगळ्यांनी. ठकीने घाबरून पुन्हा कान झाकले, तेव्हा तीच मुलगी उभी राहून ओरडली, "टाळ्या नको, तिला त्रास होतो!" आणि खरोखरच टाळ्या थांबल्या.

अध्यक्षांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माईक हातात घेतला. "या मुलीने आज आपल्या सगळ्यांना जिंकलं. मी जाहीर करतो, ही मुलगी याच शाळेत, याच वर्गात राहील. तिला हवा तसा गणवेश घालून."

बायका डोळे पुसत होत्या. नवऱ्याने टेलरबाईंचा हात दाबला. म्हणजे, बस आता, मिळालं. आणि बाईंना खरंच रडू येत होतं. 'तिला काय कळणार' हे आपलंच वाक्य पुन्हा पुन्हा आठवत होतं. पण त्या रडण्याच्या बरोबर खाली राग होता, जसाच्या तसा, उलट आणखी तापलेला.

"का राहील?" त्यांनी विचारलं.

अध्यक्ष गोंधळले. "म्हणजे?"

"तुमची मान सोडवली म्हणून राहील? आणि नसती सोडवली तर? ती खाली माझ्या शेजारी कान झाकून बसून राहिली असती तर? किंचाळली असती तर? तुम्ही विचाराल त्या कशालाच उत्तर दिलं नसतं तर काढलं असतंत ना?" बाईंचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "तिला जिंकायला लावू नका. तिच्या दोन वेण्यांच्या मैत्रिणीने काय केलं होतं वर्गात बसायला? काही नाही. जन्माला आली आणि बसली. माझीही तशीच बसेल. आणि ज्यांच्या आया या सभागृहात गप्प बसल्यात, त्यांचीही!"

मग मधल्या रांगेतून मोज्यांवाल्या मुलाची आई उभी राहिली. "माझा मुलगाही," एवढंच ती म्हणाली. तिच्यामागे घंटेला घाबरणाऱ्या मुलीची आई उठली. मग आणखी एक.

शाळेने पुढच्या वर्षीचे गणवेश दुसऱ्या टेलरकडे दिले. ते होणारच होतं. कोटात बकरम शिवणाऱ्याला कोण काम देतं! काजवाल्या मावशी आठवडाभर बडबडल्या. टेलरबाई म्हणाल्या, "ते शिवू देत, आपण उसवू." आणि झालंही तसंच. संध्याकाळी दुकानात नव्या गणवेशांची रांग लागायला लागली, आणि आयांनी इकडेतिकडे बघणं सोडून दिलं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मोठ्या बाई फाटकाशी उभ्या होत्या. मानपत्र त्यांच्या ऑफिसात लागलं होतं की नाही, कोण जाणे. टेलरबाई ठकीला घेऊन आल्या. गणवेश उलटा, खिशाची पिशवी बाहेर. दोन्ही बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. माफी मागायची पद्धत दोघींकडेही नव्हती.

शेवटी मोठ्या बाई खाली वाकल्या. शब्द जुळवायला त्यांना त्रास होत होता. "ठकी... वर्गात... तुला आणखी कुठे टोचतं?"

ठकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती त्यांच्या बाजूने निघून सरळ आपल्या वर्गाकडे, आपल्या खिडकीकडे चालू लागली. मोठ्या बाई तशाच वाकलेल्या राहिल्या, उत्तराची वाट बघत.

"आज नाही सांगणार ती," टेलरबाई म्हणाल्या. आवाजात राग होताच, पण आता त्याची धार जरा वेगळ्या कामाला लागली होती. "उद्या पुन्हा विचारा. परवाही विचारा. तिने कधीच सांगितलं नाही, तरी विचारत राहा."